उतरत्या उन्हातला खो-खो

बडोद्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आधीच मावळतो. शाळांचे आणि मंडळांचे खो-खोचे सामने मात्र रंगात येतात ते शाळा सुटल्यावर. मोठ्या गटाच्या सामन्यात ९ मिनिटांच्या चार पाळ्या असतात. मधल्या विश्रांती, नाणेफेक, पंचांशी थोडी हुज्जत हे सगळं धरलं, तर तासभर सहज जातो. म्हणजे पाचला सुरू झालेल्या सामन्याची पहिली पाळी पिवळ्या उन्हात होते आणि चौथी तिन्हीसांजेला. तेवढ्या वेळात मैदानावरचा उजेड साधारण सोळाव्या हिश्श्यावर येतो. डोळ्यांना हे जाणवत नाही, कारण बाहुली हळूहळू मोठी होते आणि मेंदू बाकीचं सांभाळून घेतो. कॅमेऱ्याचं सांभाळणं आपल्याकडे असतं.

त्या तासाभरात चांगली छायाचित्रं कशी काढायची, ते इथे सविस्तर सांगायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की उजेडाचा हिशोब शिट्टी वाजण्याआधी मांडून ठेवावा आणि पाळी चालू असताना फक्त खेळ बघावा. खेळ इतका वेगवान आहे, की दोन्ही कामं एकाच वेळी होत नाहीत. पाळ्यांमधली विश्रांती खेळाडूंसाठी असते, तशीच ती छायाचित्रकारासाठीही असते. आकडे तेव्हाच बदलायचे.

खो-खो आता मॅटवर आणि छताखालीही खेळला जातो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तोही बंदिस्त क्रीडागृहात. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला. तिथे एकदा मोजलेला उजेड शेवटच्या मिनिटापर्यंत तसाच राहतो. मातीवरच्या खेळाला ही सोय नाही, आणि बडोद्याचं नातं आहे ते मातीवरच्या खेळाशी. १९२४ साली इथल्याच जिमखान्याने खो-खोची नियमावली छापली. त्याच्या आदल्या वर्षी हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे अखिल भारतीय सामने भरवले होते. इथल्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत जुम्मादादा व्यायाम मंदिर ही व्यायामशाळा आणि तिथले व्यायामगुरू राजरत्न प्रो. माणिकराव ही नावं आजही आदराने घेतली जातात. एवढी परंपरा असूनही आजच्या मुलामुलींच्या खेळाची धड छायाचित्रं फार कमी निघतात. बक्षीस समारंभाचे फोटो मिळतात. खांबावर झेपावणाऱ्या मुलीचा फोटो मिळत नाही, आणि तिच्या घरच्या भिंतीवर तोच लागायला हवा.

आधी मैदान समजून घेऊ. लांबी २७ मीटर, रुंदी १६ मीटर. दोन टोकांना सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचे खांब, त्यांना जोडणारी मध्यपाटी आणि तिच्यावर आठ चौकोन. या चौकोनांत आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही. एकदा घेतलेली दिशाही खांबापलीकडच्या मुक्तक्षेत्रात पोचेपर्यंत बदलता येत नाही. पळणाऱ्याला या दोन्ही गोष्टींची मोकळीक असते. पाठलाग पलीकडच्या बाजूला न्यायचा, तर तिकडे तोंड करून बसलेल्या गड्याला मागून खो द्यावा लागतो. तो गडी उठतो आणि त्याचं तोंड ज्या बाजूला आहे त्याच बाजूला धावतो.

छायाचित्रकारासाठी हा शेवटचा नियम सोन्यासारखा आहे. समजा मैदानाची लांबी दक्षिणोत्तर आहे. मग बसलेल्या आठांपैकी चौघांची तोंडं पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळच्या उन्हात असतात आणि चौघांची पूर्वेला, स्वतःच्याच सावलीत. तुम्ही पश्चिमेच्या बाजूला, सूर्य पाठीशी घेऊन बसलात, तर तुमच्या अर्ध्या भागात उठून येणारा प्रत्येक गडी उन्हाने उजळलेला चेहरा घेऊन येणार. पलीकडच्या अर्ध्यात उठणाऱ्याची तुम्हाला फक्त पाठ दिसणार. त्यामुळे त्या बाजूला खेळ गेला, की बोट बटणावरून काढायचं आणि पुढचा खो कुणाला मिळेल याचा अंदाज घ्यायचा. उलट तुम्ही पूर्वेला बसलात, तर तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर सूर्य असणार. केसांना आणि खांद्यांना सोनेरी कड, पण चेहरा काळवंडलेला.

मैदान पूर्व-पश्चिम आखलेलं असेल, तर गणित बदलतं. मग सूर्य पश्चिमेच्या खांबामागे उतरतो. त्या खांबाकडे धावणाऱ्याचा चेहरा उजळ असतो, त्यामुळे मुक्तक्षेत्राच्याही बाहेर, खांबाच्या रेषेपासून जरा बाजूला बसून त्याचा सूर समोरून टिपता येतो. पूर्वेच्या खांबावरचा सूर मात्र पाठीमागून उजळलेला. क्रिकेटची खेळपट्टी साधारण दक्षिणोत्तर ठेवतात, म्हणजे उतरतं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जात नाही. खो-खोच्या बाबतीत शाळेच्या आवारात जिथे जागा मिळते तिथे फक्की टाकली जाते. म्हणून सामन्याच्या आधी अर्धा तास पोचावं, आखणी कुठल्या दिशेने आहे ते पाहावं आणि मगच आपली जागा ठरवावी.

पश्चिमेला शाळेची इमारत असेल, तर आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी लागते. दुमजली इमारत साधारण ८ मीटर उंच धरू. सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर असताना तिची सावली २२ मीटर पडते आणि १० अंशांवर असताना ४५ मीटर. हिवाळ्यात हा दहा अंशांचा उतार सूर्य पाऊण तासात उतरतो. म्हणजे सावलीची कड मैदानावरून मिनिटाला अर्धा मीटर या वेगाने सरकते. नेमक्या याच वेळेत सामना खेळला जात असतो. एक खांब उन्हात आणि एक सावलीत, बसलेल्या आठांपैकी पाच उजेडात आणि तीन अंधारात, अशी अवस्था होते. उन्हात आणि सावलीत दोन ते तीन स्टॉपचा फरक असतो. स्टॉप म्हणजे उजेडाची एक दुप्पट किंवा एक निमपट. तीन स्टॉप म्हणजे आठपट. पळणारा गडी या कडेवरून दर दोन-तीन सेकंदांनी आत-बाहेर करत असतो. अशा वेळी सगळं मैदान टिपायचा हव्यास सोडावा. एक भाग निवडावा, उन्हातला किंवा सावलीतला, आणि ती पाळी संपेपर्यंत तेवढ्याच भागावर लक्ष ठेवावं. हा माझा ठाम सल्ला आहे. दोन्हीकडे धावणाऱ्याच्या हाती दोन्हीकडची अर्धवट छायाचित्रं येतात.

आता कॅमेऱ्याकडे वळू. मैदानी खेळात सगळ्यात आधी शटर स्पीड ठरतो, बाकी सगळं त्याच्यामागून येतं. हिशोब सोपा आहे. जीव खाऊन पळणारा गडी सेकंदाला ७ मीटर कापतो असं धरू. १/२५० सेकंदात तो २८ मिलिमीटर सरकतो आणि १/१००० सेकंदात ७ मिलिमीटर. तुमच्या चौकटीत ३ मीटर रुंदीचा भाग मावत असेल आणि चित्राची रुंदी ६००० पिक्सेल असेल, तर एक पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटर. १/१००० ला गडी १४ पिक्सेल सरकतो, १/२००० ला ७. लहान छपाईत १४ पिक्सेलची पुसट कड खपून जाते, मोठ्या छपाईत दिसते. शिवाय हात आणि पाय अंगापेक्षा जास्त वेगाने हलतात. खो देणारा हात तर सगळ्यात वेगवान. म्हणून पळण्यासाठी १/१००० आणि सूर किंवा हूल टिपायची असेल तर १/१६०० ही माझी किमान मर्यादा. गडी थेट तुमच्याकडे येत असेल, तर आडवं सरकणं कमी होतं आणि १/८०० लाही निभावतं. उजेड फारच कमी झाल्यावर खांबामागे बसण्याचा हाही एक फायदा आहे.

अ‍ॅपर्चरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लेन्स जितकी उघडते तितकी उघडायची, एफ/२.८ असेल तर उत्तम, एफ/४ असेल तरी चालतं. मागच्या भिंतीवरच्या जाहिराती आणि उभ्या केलेल्या दुचाक्या पुसट होतात, हा वरचा लाभ. ७०-२०० मिलिमीटरची झूम लेन्स या छोट्या मैदानाला पुरून उरते.

उरलं आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता. बदलत्या उन्हाचा सगळा भार यानेच उचलायचा असतो. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात आयएसओ १००, एफ/२.८ आणि १/३२०० असा मेळ बसतो. सूर्यास्ताच्या तासभर आधी १/१६०० साठी आयएसओ २०० ते ४०० लागतो. सूर्य क्षितिजाला टेकला, की ८०० ते १६००. त्यानंतर पंधरा मिनिटांत ६४०० ची गरज पडते. तुमची लेन्स एफ/५.६ वर अडत असेल, तर हे सगळे आकडे चौपट करा. म्हणजे शेवटच्या पाळीत कुठे अडचण येणार, ते आधीच कळेल. बडोद्याच्या अक्षांशावर सांज फार रेंगाळत नाही. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत मैदानावर फक्कीच्या रेषासुद्धा नीट दिसेनाशा होतात.

आयएसओ आपण ठरवायचा की कॅमेऱ्यावर सोपवायचा, हा प्रश्न नवीन माणूस हमखास विचारतो. उत्तर उजेड कसा बदलतोय यावर आहे.

आकाश निरभ्र असेल आणि सूर्य अजून हातभर वर असेल, तर शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ तिन्ही हाताने ठरवून कुलूपबंद करावेत. ऊन दहा मिनिटांत फारसं बदलत नाही. बदलतं ते चौकटीत काय येतंय ते. आता पांढऱ्या जर्सीतला गडी, पुढच्या क्षणी गडद निळ्या जर्सीतला, मागे कधी चुन्याने रंगवलेली भिंत, कधी कडुनिंबाची गर्द सावली. कॅमेऱ्याचं मीटर चौकटीतला एकूण उजेड मोजून सरासरी काढतं. पांढरी जर्सी दिसली, की ते चित्र काळपट करतं आणि गडद पार्श्वभूमी दिसली, की फिकट. गड्याच्या चेहऱ्यावर पडणारं ऊन मात्र दोन्ही वेळी तेच असतं. म्हणून पडणारं ऊन एकदा मोजायचं आणि मीटर काय म्हणतंय ते विसरायचं.

ते मोजायला वेगळं यंत्र लागत नाही, आपला तळहात पुरतो. माणसाचा वर्ण कोणताही असो, तळहाताचा रंग फार बदलत नाही आणि तो मीटरच्या मध्यम करड्या पातळीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. मैदानाच्या कडेला उभं राहा. ज्या दिशेला खेळाडूंची तोंडं असणार, त्याच दिशेला तळहात करा. म्हणजे ऊन त्यांच्या चेहऱ्यावर जसं पडणार तसंच हातावर पडेल. स्वतःची सावली हातावर पडू देऊ नका. चौकट तळहाताने भरून टाका. फोकस लागला नाही तरी बिघडत नाही. मीटर दाखवेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्या आणि आकडे तिथेच ठेवा. पश्चिमेला वळवलेला आणि पूर्वेला वळवलेला, असे दोन्ही तळहात मोजले, तर उन्हातला आणि सावलीतला चेहरा यांत किती अंतर आहे तेही मिळतं. हे दोन आकडे डोक्यात असले, की बाजू बदलताना चाचपडावं लागत नाही.

पांढऱ्या जर्सीचं भान तरीही ठेवावंच लागतं. उन्हात रापलेला चेहरा आणि नवी कोरी पांढरी जर्सी यांत तीन स्टॉपचा फरक असू शकतो. पडद्यावर अति उजळ भाग लुकलुकवून दाखवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू करा. जर्सीवरची एखादी घडी लुकलुकली तर हरकत नाही. पाठीवरचा क्रमांक नाहीसा होत असेल, तर एक तृतीयांश स्टॉप खाली या. त्यापेक्षा जास्त नको. जर्सी वाचवण्यासाठी चेहरा काळवंडू देणं मला कधीच पटलेलं नाही.

ढग आले, की हे सगळं बदलतं. पावसाळा ओसरताना, सप्टेंबरात, कापसासारखे सुटे ढग बडोद्यावरून सरकत असतात. असा एक ढग सूर्यावर आला, की दोन-तीन स्टॉप उजेड क्षणात जातो आणि अर्ध्या मिनिटात परत येतो. इथे कुलूप उपयोगाचं नाही. शटर आणि अ‍ॅपर्चर हाताने ठेवावेत, आयएसओ कॅमेऱ्याकडे सोपवावा आणि त्याला वरची मर्यादा घालून द्यावी. मीटरचा भोळेपणा इथे सोसावाच लागतो. तो कमी करायचा, तर चौकट शक्य तितकी गड्याने भरा आणि आकाश टाळा. थोडं उंचावर, शाळेच्या पायरीवर वगैरे उभं राहिलात, तर पार्श्वभूमीला आकाशाऐवजी माती येते आणि मीटर शहाण्यासारखं वागतं.

त्या मातीबद्दलही सांगायला हवं. सामन्याआधी मैदानावर पाणी मारतात. ओली माती गडद दिसते. तासाभरात ती वाळते आणि भुरकट, उजळ होते. मीटरवर विसंबलेल्या माणसाला पहिल्या पाळीत आणि तिसऱ्या पाळीत एक स्टॉपपर्यंत फरक पडलेला आढळतो आणि कारण उमगत नाही. ऊन तेवढंच असतं, खालची जमीन बदललेली असते. उजळ मातीचा एक उपकारही आहे. ती ऊन वर फेकते आणि भुवयांखालची सावली सौम्य करते. खो-खोत खेळाडू कमरेत वाकून धावतात, त्यामुळे या परतलेल्या उजेडाचा चेहऱ्याला चांगला आधार मिळतो. क्रिकेटमध्ये शिरस्त्राणाची कड आणि जाळी डोळ्यांवर सावली धरते. तिथल्या छायाचित्रकारांना त्या जाळीमागचे डोळे शोधावे लागतात. खो-खोतला चेहरा उघडा असतो. दात आवळलेले, वेणी हवेत, नजर पळणाऱ्याच्या पावलांवर, हे सगळं दिसतं. ते दिसत असताना घालवणं बरं नाही.

सूर्य दहा अंशांच्या खाली गेला, की मी बाजू बदलण्याच्या बाजूने आहे. त्याआधी, पहिल्या दोन पाळ्यांत, सूर्य पाठीशी ठेवावा आणि नेटकी, उजळ, चेहरे स्पष्ट दाखवणारी छायाचित्रं काढून घ्यावीत. वर्तमानपत्राला आणि मंडळाच्या अहवालाला तीच लागतात. मग मधल्या विश्रांतीत उठून पूर्वेला जावं. हे याच वेळी का, त्याला कारण आहे. सूर्य खाली जातो तसं त्याचं थेट ऊन हवेच्या जास्त जाड थरातून येतं आणि झपाट्याने क्षीण होतं. आकाशातून सगळीकडून येणारा मऊ उजेड त्यामानाने सावकाश घटतो. चारला उन्हातल्या आणि सावलीतल्या चेहऱ्यात तीन स्टॉपचं अंतर होतं, ते साडेपाचला दीडवर, कधी एकावर येतं. चारला काळाठिक्कर पडलेला चेहरा आता मऊ उजेडात दिसतो आणि पाठीमागची सोनेरी कड तशीच राहते.

त्या उन्हात धूळही असते. सूर मारणारा गडी जमिनीला टेकताना मातीचा एक झोत उठतो. समोरच्या उन्हात तो झोत जवळजवळ दिसत नाही. सूर्य मागे असला, की धुळीचा कण न् कण पेटतो, कारण बारीक कण उजेड पुढच्या दिशेनेच जास्त फेकतात. खांबाला एका हाताने धरून पूर्ण आडवी झालेली मुलगी, बोटांपासून वीतभर पुढे निसटणारी पळणारी आणि दोघींच्या मध्ये पेटलेली धूळ. मातीवरच्या खो-खोचं यापेक्षा सुंदर चित्र मला माहीत नाही, आणि मॅटवर ते मिळत नाही. त्यासाठी गुडघ्याच्या उंचीवर किंवा त्याहून खाली बसावं, लेन्सला हूड लावावा आणि सूर्य चौकटीच्या जरासा बाहेर ठेवावा. मीटर इथे पार फसतं. समोरचा झगझगाट पाहून ते सगळं काळं करतं. सावलीतल्या तळहाताचा जो आकडा घेतला होता, तोच इथे हाताने लावायचा. चेहरा जपला जातो आणि आकाश पांढरं पडतं, ते पडू द्यावं. याउलट, चेहरे सोडून निव्वळ आकृत्या हव्या असतील, तर त्याच आकड्यापासून तीन स्टॉप खाली या. एखाद-दुसरं असं चित्र चांगलं वाटतं. सगळा सामना आकृत्यांत काढला, तर कोण खेळलं तेच कळत नाही.

पाठीमागून येणाऱ्या उन्हात आणि धुळीत फोकस चुकतो. चित्रातला गडद-उजळ फरक कमी झाला, की फोकस यंत्रणा अडखळते. सतत फोकस ठेवणारी पद्धत तर लावलेली असतेच, पण खो-खोत एक वेगळाच घोटाळा होतो. नवे कॅमेरे चेहरा ओळखून त्यावर फोकस धरतात आणि या मैदानावर चार चेहरे तुमच्याकडे तोंड करून स्थिर बसलेले असतात. कॅमेऱ्याला ते आयते मिळतात. पळणारा धूसर आणि मागे बसलेला लख्ख, अशी चित्रं त्यातूनच येतात. चेहरा ओळखण्याची सोय पूर्ण बंद करायची गरज नाही. फोकसचं क्षेत्र मात्र लहान करा आणि ते स्वतः गड्याच्या छातीवर धरून ठेवा, म्हणजे कॅमेरा चेहरा शोधेल तो तेवढ्यातच. मध्ये कुणी आडवं गेलं तर लगेच त्याच्यावर उडी न मारण्याची सेटिंगही बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती संथ बाजूला न्यावी. आणि पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही, हे विसरू नये. पळणारा कुठे वळेल ते सांगता येत नाही, पाठलाग करणारा कुठे जाणार ते सांगता येतं. फोकस त्याच्यावर ठेवला, की पळणारा आपोआप त्याच्या पुढ्यात सापडतो.

भर दुपारच्या सामन्यांबद्दल थोडंच सांगतो. बडोद्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या पुढेमागे. डिसेंबरात तो तेव्हाही ४४-४५ अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे हिवाळ्यातली दुपार छायाचित्रांना फार वाईट नसते. मे-जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. उन्हाळी शिबिरांचे सामने सकाळी लवकर ठेवतात ते मुलांच्या तब्येतीसाठी. छायाचित्रकारानेही तीच वेळ साधावी.

चौथ्या पाळीत आयएसओ मर्यादेला भिडतो. आता निवड करावी लागते: शटर खाली आणायचा की चित्र रवाळ होऊ द्यायचं? मी नेहमी रव्याच्या बाजूने असतो. रवाळ पण स्पष्ट चित्र पुढे संगणकावर सुधारता येतं. हललेलं चित्र कुणालाच सुधारता येत नाही. उजेड कमी देऊन नंतर उजळवण्याचा मोहही टाळावा. एक स्टॉप कमी देऊन नंतर उचललेलं चित्र जास्त आयएसओ लावून काढलेल्या चित्राहून चांगलं दिसत नाही, आणि जेपेग असेल तर वाईटच दिसतं. फ्लॅशचा विचारही करू नये. सूर मारणाऱ्याच्या डोळ्यांत तो चमकला, तर खांबावर डोकं आपटू शकतं.

काही स्पर्धा आता प्रकाशझोतात होतात. दिवे लागले, की एक नवी अडचण येते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे जुन्या पद्धतीचे मोठे दिवे आणि काही स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही. १/१६०० च्या शटरला मात्र कधी तेजाचा क्षण सापडतो, कधी मंदीचा. एकापाठोपाठ घेतलेल्या पाच चित्रांत दोन काळपट, एक पिवळट अशी तऱ्हा होते. कॅमेऱ्यात ही लुकलुक ओळखून तेजाच्या क्षणीच शटर उघडण्याची सोय असेल, तर ती दिवे लागल्याबरोबर चालू करावी. दिवस आणि दिवे एकमेकांत मिसळतात ती दहा-पंधरा मिनिटं रंगांच्या दृष्टीने सगळ्यात कठीण असतात. चेहऱ्याची एक बाजू आकाशाने निळसर, दुसरी दिव्याने पिवळी. तेव्हा रॉ फाइलमध्ये काढावं आणि रंगाचा निर्णय घरी घ्यावा.

होमाई व्यारावाला यांची इथे आठवण येते. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, आयुष्याची अखेरची वर्षं बडोद्यातच काढली आणि जानेवारी २०१२ मध्ये त्या इथेच वारल्या. त्यांच्या पिढीला फिल्म जेवढी संवेदनशील, तेवढ्यावरच भागवावं लागे. चित्रागणिक आयएसओ बदलणं ही कल्पनाच नव्हती. उजेड नजरेने ओळखण्याचा त्यांचा सराव त्यातून आला. आज यंत्र पुष्कळ करतं, तरी दिवसातून दोन-तीनदा बाहेर बघून आकडा मनात ठरवावा आणि मग मीटरशी ताडून पाहावा. ही सवय मैदानावर फार उपयोगी पडते.

ज्या पालकांकडे फक्त फोन आहे, त्यांच्यासाठीही मार्ग आहे. गड्याच्या चेहऱ्यावर बोट थोडा वेळ दाबून धरलं, की बहुतेक फोन फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करतात. मग बोट किंचित खाली सरकवून चित्र थोडं गडद करावं, म्हणजे पांढरी जर्सी वाचते. एकापाठोपाठ चित्रं घेण्याची सोय वापरावी, आणि सूर्यास्तानंतर पळणाऱ्याचा नाद सोडून बसलेल्या गड्यांचे चेहरे टिपावेत. खो मिळण्याआधीच्या क्षणी ते चेहरे ताणलेले असतात, आणि ते स्थिर असतात.

घरी आल्यावर पहिलं काम रंग जुळवण्याचं. पहिल्या पाळीतली जर्सी आणि चौथ्या पाळीतली जर्सी शेजारी ठेवली, तर एक पिवळी आणि एक निळी दिसते. दोन्ही पूर्णपणे सारख्या करू नयेत. संध्याकाळ उतरली होती, ते चित्रांतून दिसू द्यावं. पण एकाच संघाचा रंग दोन वेगळ्या संघांसारखा वाटू नये, एवढं जुळवावं. फक्कीची पांढरी रेषा यासाठी चांगली खूण असते. प्रत्येक पाळीतल्या एका चित्रात त्या रेषेवरून रंग ठरवला आणि तोच त्या पाळीच्या बाकी चित्रांना लावला, तर काम झपाट्याने उरकतं. मग गुणपत्रकावरून क्रमांक आणि नावं ताडून चित्रांखाली लिहावीत. हे त्याच रात्री करावं, कारण आठवड्याने कुठला सूर कुणाचा ते आठवत नाही. लहान वयाच्या मुलामुलींची चित्रं बाहेर देण्याआधी शाळेला आणि पालकांना विचारावं. संघाच्या शिक्षकांकडे सगळी चित्रं एकत्र पोचवली, तर ती प्रत्येक घरी जातात. ज्या मुलीचं एकही चित्र धड आलं नसेल, तिचं नाव वहीत वेगळं टिपून ठेवावं आणि पुढच्या सामन्यात पहिल्या पाळीतच, ऊन चांगलं असताना, तिच्या बाजूला जाऊन बसावं.